बिशपाचे हात आणणार कुठून? हुसाइटांमधलं धर्मनेतृत्व आणि त्यांचे आपसातले वाद

प्रश्न असा आला आहे: हुसाइट चळवळीबद्दल (पंधराव्या शतकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात, यान हुस या धर्मसुधारकाच्या नावाने उभी राहिलेली चळवळ) वाचताना झिझ्का, प्रोकोप अशी सेनापतींची नावं सारखी भेटतात, पण धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा असे? आणि पोपच्या फौजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढणारी ही माणसं एकमेकांनाच पाखंडी ठरवून जाळत का होती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत देता येतं: कोणाचाच नाही. दुसऱ्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. पण मी वर्षानुवर्षं हा विषय शिकवला आहे आणि तिसरीच एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेतून कायम निसटताना पाहिली आहे. ती म्हणजे गुरुदीक्षेची अडचण. धर्मगुरू घडवायला बिशप लागतो. बिशपाने डोक्यावर हात ठेवल्याशिवाय मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाचा विधी, अर्पण करण्याचा अधिकार मिळत नाही. पोपशी भांडण झालं की नवे बिशप मिळणं बंद होतं, आणि मग जुने धर्मगुरू एकेक करून मरत जातात, त्यांची जागा घ्यायला कोणी नसतं. हुसाइटांची पुढची साठेक वर्षं मला तरी या एका अडचणीभोवती फिरताना दिसतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. प्याला हे हुसाइटांचं निशाण, पण तो मुळात यान हुसचा मुद्दा नव्हता. कॅथलिक रीतीत त्या काळी सामान्य भाविकाला ख्रिस्तप्रसादात फक्त भाकर मिळे, द्राक्षारस फक्त धर्मगुरू पीत. 1414 च्या शरद ऋतूत, हुस कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेला निघाला त्याच सुमारास, प्रागमध्ये याकोबेक नावाच्या त्याच्या सहकाऱ्याने सामान्य लोकांनाही प्याला द्यायला सुरुवात केली. (त्याच्या गावावरून त्याला स्त्रझिब्रोचा याकोबेक म्हणतात.) हुस सुरुवातीला बिचकला होता. कैदेतून त्याने जून 1415 मध्ये प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमधल्या आपल्या जागेवरच्या धर्मगुरूला लिहिलं की प्याल्याला विरोध करू नकोस. त्याच महिन्यात धर्मपरिषदेने ती प्रथा निषिद्ध ठरवली होती. 6 जुलै 1415 ला हुसला जाळलं. म्हणजे ज्याच्या नावाने चळवळ ओळखली जाते त्याने तिच्या सर्वांत ठळक आचाराला जेमतेम शेवटच्या दिवसांत मान डोलावली. ‘हुसाइट’ हे नावही विरोधकांनीच चिकटवलेलं.

हुस गेल्यावर चळवळीकडे पुढारी पुष्कळ होते, प्रमुख मात्र नव्हता. प्राग विद्यापीठाचे मास्टर, म्हणजे तिथले अध्यापक, स्वतःला निवाडा करणारे समजत. विद्यापीठाने 10 मार्च 1417 ला प्याल्याच्या बाजूने जाहीर निर्णय दिला, त्या दिवसापासून एका अर्थी विद्यापीठच पोपच्या खुर्चीवर बसलं. पण ही खुर्ची एकाची नव्हती. याकोबेक इंग्रज सुधारक विक्लिफच्या विचाराकडे झुकलेला. प्रखातित्सेचा क्रिष्टियान सावध. यान प्रझिब्राम तरुणपणी जहाल आणि नंतर इतका नेमस्त की रोमशी समेट करायला निघाला. विद्यापीठाबाहेर खेड्यापाड्यांतले, डोंगरांवर सभा घेणारे उपदेशक होते. त्यांना मास्टरांच्या लॅटिन निवाड्यांचं फारसं अप्रूप नव्हतं.

आता हातांचा प्रश्न. 1417 च्या वसंतात चेनेक या बड्या सरदाराने प्रागच्या सहायक बिशपाला, निकोपोलिसचा हेर्मान याला, धरून लिप्नित्से किल्ल्यावर नेलं आणि प्याल्याच्या बाजूच्या तरुणांना गुरुदीक्षा द्यायला भाग पाडलं. जबरदस्तीने ठेवलेले का होईना, हात बिशपाचेच होते, म्हणून ती दीक्षा वैध धरली गेली. साडेतीन वर्षांनी, नोव्हेंबर 1420 मध्ये, ताबोरच्या (दक्षिण बोहेमियातल्या जहाल हुसाइटांच्या वस्तीच्या) लोकांनी प्रझिबेनित्से किल्ला घेतला तेव्हा हा हेर्मान त्यांच्या हाती लागला. त्यांनी त्याला लुझ्नित्से नदीत बुडवून मारलं. ज्याच्या हातून हुसाइट धर्मगुरू घडले त्यालाच हुसाइटांनी बुडवलं! वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात, आणि मग एखादा विचारतो, “पण असं का, सर?”

कारण ताबोरला त्याची गरज उरली नव्हती. दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर 1420 मध्ये, ताबोरच्या समुदायाने पेलह्रझिमोवच्या मिकुलाशला स्वतःच बिशप म्हणून निवडलं होतं. हा प्राग विद्यापीठात शिकलेला साधा धर्मगुरू. कोणत्याही बिशपाने त्याच्या डोक्यावर बिशपपदासाठी हात ठेवले नव्हते. ताबोरचा युक्तिवाद असा की आरंभीच्या मंडळीत वडील आणि बिशप यांत भेद नव्हता, तेव्हा देवाच्या लोकांनी निवडलं तेवढं पुरे. चेक भाषेत त्याचं टोपणनाव ‘बिस्कुपेक’ पडलं, म्हणजे बिशपुल्या म्हणा. नावात थट्टा आहे, पण माणूस थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. पुढची बत्तीस वर्षं ताबोरची धर्मबाजू त्यानेच मांडली. माझ्या मते हुसाइट इतिहासातली सर्वांत मोठी सैद्धान्तिक उडी प्याल्याची नाहीच, ती या निवडीची आहे. प्याल्याबाबत पुढे धर्मपरिषदेशी तडजोड झाली. या निवडीबाबत प्रागच्या मास्टरांचीसुद्धा कधी तडजोड होऊ शकली नाही.

ताबोर तिथवर कसं पोचलं हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. 30 जुलै 1419 ला यान झेलिव्स्की या जहाल उपदेशकाने नेलेल्या जमावाने प्रागच्या नव्या नगरात नगरसेवकांना खिडकीतून खाली फेकलं. अडीच आठवड्यांत राजा वाक्लाव मेला. गादीवर हक्क सांगणारा त्याचा भाऊ झिगमुंड, ज्याच्या अभयपत्रावर विसंबून हुस कॉन्स्टन्सला गेला होता तोच. दक्षिण बोहेमियातल्या उपदेशकांनी सांगायला सुरुवात केली की फेब्रुवारी 1420 मध्ये देवाचा कोप कोसळणार, आणि प्ल्झेन, झातेत्स, लोउनी, स्लानी, क्लातोवी या पाच शहरांतच निभाव लागणार. माणसं घरदार विकून निघाली. कोप काही आला नाही. मग ताबोर वसलं. आपल्याजवळचं सगळं सामाईक पिंपांत टाकायचं, माझं-तुझं नाही, असा नियम झाला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तेच ताबोर आसपासच्या शेतकऱ्यांकडून सारा वसूल करत होतं. काहींना यात ढोंग दिसतं. मला तरी हजारो माणसांना हिवाळ्यात जेवू कसं घालायचं हा साधा प्रश्न दिसतो.

भविष्य फसल्यावर उपदेशकांत फूट पडली. मार्टिन हुस्का नावाचा एक मोराविया प्रांतातला बोलघेवडा धर्मगुरू म्हणू लागला की ख्रिस्त स्वर्गात आहे, भाकरीत नाही. म्हणून भाकरीपुढे गुडघे टेकणं मूर्तिपूजाच, आणि प्रभुभोजन हे बंधुभावाने जेवायचं जेवण. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा कलह याच मुद्द्यावर पेटतो.

तीन भूमिका होत्या. कॅथलिक शिकवण अशी की अभिमंत्रणानंतर भाकर भाकर राहत नाही, दिसते तेवढीच. हुस स्वतः हेच मानत होता. इंग्रज विचारवंत जॉन विक्लिफचं म्हणणं असं की भाकर भाकरच राहते आणि ख्रिस्तही तिथे असतो; याकोबेकचा कल इकडे होता, पण तो जपून बोले. तिसरी भूमिका हुस्काची: ख्रिस्त देहाने तिथे नाहीच. आता गंमत बघा. प्याल्याचा सगळा आग्रह ‘त्याचं रक्त प्याल्याशिवाय तुमच्यात जीवन नाही’ या योहानाच्या सहाव्या अध्यायातल्या वचनावर उभा होता. याच कारणाने याकोबेक तान्ह्या बाळांनाही प्याला द्यावा म्हणत होता. द्राक्षारसात रक्तच नसेल तर मग इतकी युद्धं कशासाठी? हुस्काने, नकळत असेल, चळवळीच्या पायाखालची वीटच काढली. रोमचा शत्रू बाहेरचा, पण हुस्का घरातला, म्हणून तो अधिक धोक्याचा वाटला.

हुस्काच्या अनुयायांना ‘पिकार्त’ म्हणत. 1421 च्या सुरुवातीला ताबोरने त्यांना गावाबाहेर काढलं. एप्रिलमध्ये क्लोकोती इथे झिझ्काने पेत्र कानिश या त्यांच्या धर्मगुरूसह सुमारे पन्नास जणांना जाळलं. हुस्का आणि त्याचा सोबती प्रोकोप (एका डोळ्याचा, सेनापती प्रोकोप वेगळा) यांना आर्चबिशपच्या रोउद्नित्से गावी नेलं. झिझ्काला त्यांना प्रागमध्ये जाळायचं होतं, पण तिथल्या कारभाऱ्यांना दंग्याची भीती वाटली, कारण शहरात हुस्काचे ऐकणारे बरेच होते. म्हणून जल्लाद रोउद्नित्सेला पाठवला. 21 ऑगस्ट 1421 ला दोघांना छळ करून पिंपांत घालून जाळलं. शेवटपर्यंत त्यांनी मत बदललं नाही. ज्याचा गुरू कॉन्स्टन्सला जाळला गेला त्याच चळवळीने सहा वर्षांत आपली पहिली चिता पेटवली. तुमच्या प्रश्नातलं ‘का’ इथे येतं: झिझ्का स्वतः धर्मपंडित नव्हता, पण त्याची फौज ख्रिस्तशरीर पुढे धरून लढाईला निघत असे. ते ख्रिस्तशरीर नुसती भाकर आहे म्हणणारा माणूस त्याच्या लेखी फितूर होता.

(पिकार्तांतलेच काही पुढे नागवे फिरत, सर्रास व्यभिचार करत, म्हणून त्यांना ‘आदमी’ म्हणत आणि झिझ्काने ऑक्टोबर 1421 मध्ये त्यांचा नायनाट केला, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. नायनाट खरा. बाकीचं वर्णन त्यांना मारणाऱ्यांनीच दिलेलं आहे, तेव्हा ते चिमटीत धरूनच वाचा. ताबोरच्या धर्मगुरूंबद्दलची कितीतरी माहिती प्रझिब्रामच्या 1429 च्या टीकाग्रंथातून येते, आणि तो त्यांचा कट्टर वैरी होता.)

या सगळ्यांना एकत्र बांधणारा दस्तऐवज म्हणजे 1420 ची प्रागची चार कलमं: देवाच्या वचनाचा मुक्त उपदेश, सर्वांना दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद, धर्मगुरूंकडच्या ऐहिक सत्तेचा आणि जमीनजुमल्याचा अंत, आणि उघड महापापांना शिक्षा. कलमांवर सर्वांच्या सह्या, अर्थावर मात्र एकमत नाही. ‘देवाचा कायदा’ म्हणजे फक्त बायबलात स्पष्ट लिहिलेलं, असं ताबोर म्हणे. प्राग म्हणे, बायबल तर आहेच, पण मंडळीच्या जुन्या चालीरीती त्याच्या विरुद्ध नसतील तर चालतील. डिसेंबर 1420 मध्ये प्रागला सभा झाली, त्यात मास्टरांनी ताबोरवर सत्तरहून अधिक आरोप वाचून दाखवले.

त्यातला पोशाखाचा वाद वरवर क्षुल्लक दिसतो. ताबोरचे धर्मगुरू मिस्सा रोजच्या कपड्यांत, चेक भाषेत, कुठल्याही टेबलावर अर्पण करत. ना भरजरी झगा, ना डोक्यावरचं मुंडण. प्रागचे लोक झगा सोडायला तयार नव्हते. 1423 साली कोनोपिश्ते किल्ल्यापाशी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि लढाईऐवजी चर्चा झाली ती या कपड्यांवर. झिझ्का ताबोरपासून वेगळा झाला तेव्हा त्याच्या नव्या गटातले धर्मगुरू झगे घालत. म्हणून ताबोरवाले त्यांना ‘कापडवाले’ म्हणून हिणवत आणि ते ताबोरवाल्यांना ‘चांभार’. जुन्या चेक बखरींतली ही चिडवाचिडवी मला सभांच्या इतिवृत्तांपेक्षा बोलकी वाटते. शेतकऱ्याला द्रव्य आणि गुण यांतला तात्त्विक भेद कळत नसेल, झगा मात्र लांबून दिसतो.

प्रागच्या बाजूला 1421 मध्ये अनपेक्षित घबाड मिळालं. प्रागचा आर्चबिशप कोन्राड, वेस्टफालियातला जर्मन, एप्रिलमध्ये चार कलमांना येऊन मिळाला. का मिळाला यावर तर्क पुष्कळ आहेत, धर्मनिष्ठेचा त्यांत क्रमांक वरचा नाही. पण बिशपाचे हात पुन्हा हाती आले! जुलैत त्याच्या नावाने धर्मसभा भरली आणि कारभार बघायला चौघे नेमले: याकोबेक, प्रझिब्राम, प्ल्झेनचा प्रोकोप आणि झेलिव्स्की. एका गाड्याला चार दिशांना तोंड असलेले चार बैल. झेलिव्स्की तर त्या वेळी प्रागचा जवळजवळ हुकूमशहा होता. 9 मार्च 1422 ला जुन्या नगराच्या कारभाऱ्यांनी त्याला बोलणी करायला बोलावलं आणि आतल्या चौकात मुंडकं उडवलं. एक धर्मगुरू ते मुंडकं हातात घेऊन रस्त्यातून ओरडत फिरला आणि जमावाने विद्यापीठाची कॉलेजं लुटली. याकोबेकवर लोकांचा संशय होता. हे मला त्याच्या चरित्रातलं सर्वांत दुःखाचं पान वाटतं.

1427 मध्ये प्रझिब्राम आणि त्याचे मित्र पोपशी गुपचूप संधान बांधत असल्याचं उघड झालं. ते उघड करणारा होता यान रोकित्साना, लोहाराचा मुलगा, याकोबेकचा शिष्य. नेमस्तांना प्रागबाहेर काढलं, आणि 1429 मध्ये याकोबेक गेल्यावर प्रागची सूत्रं रोकित्सानाकडे आली.

रोकित्साना माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत कुशल माणूस. 14 ऑगस्ट 1431 ला दोमाझ्लित्सेला पाचवी धर्मयुद्धाची फौज हुसाइटांचं गाणं ऐकूनच पळाली म्हणतात, तेव्हा बाझेलच्या धर्मपरिषदेला बोलणी करण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. मे 1432 मध्ये हेब गावी वादाचा न्यायाधीश कोण हे ठरलं: देवाचा कायदा, ख्रिस्ताचं, प्रेषितांचं आणि आद्य मंडळीचं आचरण, आणि त्यांवर खरोखर आधारलेल्या धर्मपरिषदा व आचार्य. न पोप, न विद्यापीठ. युरोपातल्या धर्मपरिषदेने पाखंडी ठरवलेल्यांशी बरोबरीने बसून न्यायाचे निकष ठरवावेत, ही त्या काळी जगावेगळी गोष्ट होती. 1433 च्या आरंभी बाझेलला चार कलमांवर चार जण बोलले: प्याल्यावर रोकित्साना, पापांच्या शिक्षेवर बिस्कुपेक, उपदेशावर ‘अनाथ’ गटाचा (झिझ्का मेल्यावर त्याच्या गटाने घेतलेलं हे नाव) ओल्द्रझिख, आणि धर्मगुरूंच्या संपत्तीवर पीटर पेन, हा ऑक्सफर्डहून पळून आलेला इंग्रज. धर्मपरिषदेच्या बाजूने रागुसाच्या जॉनने उत्तर द्यायला आठ दिवस घेतले आणि ‘पाखंड’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की चेक मंडळी खवळली.

यातून तोडगा निघाला, पण तो रणांगणावरून गेला. 30 मे 1434 ला लिपानीला नेमस्त हुसाइट सरदार आणि कॅथलिक यांनी मिळून ताबोर आणि अनाथ यांच्या फौजा कापल्या. तिथे पडलेला प्रोकोप होली हा सेनापती खरा, पण मूळचा धर्मगुरूच. तुमच्या प्रश्नात तो नुसता सेनापती झाला आहे; ताबोरमध्ये या दोन भूमिका इतक्या सहज वेगळ्या करता येत नाहीत. 5 जुलै 1436 ला यिह्लावा इथे करार जाहीर झाला: ज्या प्रौढांना हवा असेल त्यांना प्याला. बाळांना नाही.

मतांचा निकालही हळूहळू लागला. जानेवारी 1444 मध्ये प्रागच्या सभेने ख्रिस्तप्रसादाबाबत रोकित्सानाचं म्हणणं खरं आणि ताबोरचं खोटं ठरवलं. निवाडा एका राजकीय सभेचा होता हे लक्षात घ्या. 1451 मध्ये एनेआ पिक्कोलोमिनी हा इटालियन बिशप ताबोरला जाऊन आला. लोक त्याला मुळीच आवडले नाहीत, पण तिथल्या बायकांना जुना-नवा करार इतका मुखोद्गत आहे की इटलीतल्या धर्मगुरूंना लाज वाटावी, असं त्याने लिहून ठेवलं. पुढच्याच वर्षी बोहेमियाचा कारभारी यिर्झी पोद्येब्राद याने ताबोर घेतलं, आणि बिस्कुपेक उरलेलं आयुष्य तुरुंगात काढून मेला. त्याच पिक्कोलोमिनीने पुढे पोप पायस दुसरा होऊन 1462 मध्ये यिह्लावाचा करारही रद्द केला.

आणि रोकित्साना? त्याला 1435 मध्ये बोहेमियाच्या सभेने आर्चबिशप निवडलं. पोपने मान्यता दिली नाही. कोणी बिशपाने त्याच्या डोक्यावर हात ठेवले नाहीत. 1471 मध्ये मरेपर्यंत, छत्तीस वर्षं, तो निवडलेला पण अभिषेक न झालेला आर्चबिशप राहिला. ताबोरसारखं ‘निवड झाली, पुरे’ असं म्हणायला तो कधीच तयार झाला नाही. परिणाम असा की त्याच्या पक्षाचे तरुण गुरुदीक्षेसाठी इटलीपर्यंत पायपीट करत आणि तिथे काय काय कबूल करून येत, ते परत आल्यावर विसरून जात. 1482 मध्ये ऑगस्टिन लुचियान नावाचा एक इटालियन बिशप बोहेमियात येऊन राहिला, तेव्हा प्यालावाल्यांनी सुस्कारा टाकला.

रोकित्सानाच्या प्रवचनांनी पेटलेला त्याचाच भाचा ग्रेगोर मात्र मामाच्या या वाट पाहण्याला कंटाळला. पेत्र खेल्चित्स्कीच्या लिखाणाने भारावलेले (हा दक्षिणेकडचा, युद्ध कुठल्याही कारणाने पापच असं याकोबेकला तोंडावर सांगणारा खेडवळ विचारवंत) काही लोक घेऊन तो 1457 च्या सुमारास कुन्वाल्ड गावी जाऊन राहिला. 1467 मध्ये ल्होत्का इथे त्यांनी स्वतःचे धर्मगुरू नेमले, चिठ्ठ्या टाकून. उमेदवार नऊ, चिठ्ठ्या बारा, त्यांतल्या तिनांवरच ‘आहे’ असं लिहिलेलं. नऊही जणांना कोरी चिठ्ठी येण्याची सोय मुद्दाम ठेवली होती, म्हणजे देवाला ‘आत्ता नको’ म्हणता यावं. तिन्ही लिहिलेल्या चिठ्ठ्या निघाल्या. मात्येय, तूमा आणि एलियाश. रोम नको, रोकित्साना नको, निवड थेट देवाची. तरीही त्यांना चैन पडेना. त्यांच्यातला मिखाल हा वयस्क धर्मगुरू वाल्डेन्सियन या रोमपासून फुटलेल्या जुन्या पंथाच्या एका वडीलधाऱ्याकडे जाऊन डोक्यावर हात ठेवून घेऊन आला, आणि मग त्याने मात्येयच्या डोक्यावर हात ठेवले.